एकाच बापाची दोन कलमं

थोरल्याकडचा आंबा खाऊन झाल्यावर मला बजावण्यात आलं, "आता खालच्या घरी जाशीला, तर तिथला खाऊ नका. त्वांडाची चव जाईल."

खालचं घर त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं. मधे दोन बांध आणि एक पायवाट, एवढंच अंतर. डिंभ्याच्या धरणाच्या कडेला, चढावर ती वाडी आहे. मूळ गाव खाली घोड नदीच्या काठी होतं. पाणी चढायला लागलं तेव्हा माणसं वर सरकली आणि जिथे ज्याला जागा मिळाली तिथे त्याने घर बांधलं. थोरल्याने वर, ओढ्याजवळ. धाकट्याने खाली, पाण्याच्या जवळ, कारण त्याला मासेमारी करायची होती.

मे महिना होता. मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. घर अवसरी खुर्दला, वडील शेतकरी. शनिवारी घरी यायचं, रविवारी एसटीने नाहीतर जीपने जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या आणि सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत, असा माझा आठवडा होता. विषय होता रायवळ आंबे. कोयीपासून आपोआप उगवलेली ही झाडं, प्रत्येकाला त्या त्या गावाने ठेवलेलं नाव: शेंदऱ्या, गोटी, शेप्या. एकाच नावाची झाडं चार गावांत सापडायची आणि चाखून बघितलं तर चारही वेगळी. माझ्या गाइड मॅडमनी सुरुवातीला मला जे वाचायला दिलं, ते आंब्यावरचं नव्हतंच. परदेशातल्या ऑलिव्हच्या जातींवरचं होतं. तिकडेही हाच गोंधळ. एका झाडाला दहा नावं आणि एका नावाची दहा झाडं. मग पानांतून डीएनए काढायचा, त्याचे तुकडे मशीनमध्ये वाढवायचे आणि एका पारदर्शक जेलीच्या वडीत विजेच्या जोरावर ते पळवायचे. अतिनील दिव्याखाली धरलं की नारिंगी पट्टे चमकतात. एकाच झाडाचे पट्टे तंतोतंत एकसारखे येतात. झाड वेगळं असेल तर पट्ट्यांची मांडणी बदलते. "आपल्या आंब्यांना हेच लावून बघ," मॅडम म्हणाल्या होत्या.

थोरल्याकडच्या झाडाचं नाव खोबऱ्या. आंबा मोठा, गर घट्ट, दाताखाली ओल्या खोबऱ्यासारखा लागायचा, दोरा नावाला नाही. मी नावाची नोंद केली आणि बजावल्याप्रमाणे न वागता खाली गेले.

धाकट्याने सूप भरून आंबे पुढे ठेवले. "ह्यो बी खोबऱ्याच," तो म्हणाला. पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. आंबा लहान होता, कोयीजवळ दोरे होते. चव मात्र कुठेतरी ओळखीची वाटत होती. मी तसं म्हटल्यावर त्याची बायको, जिला मी पुढे वहिनी म्हणायला लागले, पटकन म्हणाली, "सांगा त्यास्नी. पंधरा वरसं झाली, त्याच एका गोष्टीवर डोकं फोडून ऱ्हायलेत."

मग ती गोष्ट कळली. जुन्या गावात ओढ्याच्या तोंडाशी खोबऱ्याचं मूळ झाड होतं. दोन माणसांच्या कवेत न येणारं. पाणी येणार हे नक्की झालं तेव्हा या भावांच्या वडिलांनी डालड्याच्या दोन डब्यांत कोयी लावून रोपं केली. मोठी झाल्यावर ते डबे दोरीने झाडाला टांगले, रोपाची साल आणि झाडाच्या फांदीची साल थोडी तासून एकमेकांना बांधली. याला भेट कलम म्हणतात. सांधा जुळला की फांदी आईपासून कापायची; खाली कोयीच्या रोपाची मुळं, वर आईचा फाटा. म्हाताऱ्याने एक डबा थोरल्याला दिला, एक धाकट्याला. पुढच्याच वर्षी मूळ झाड पाण्याखाली गेलं आणि त्याच्या मागोमाग म्हाताराही वारला.

"थोरल्यावर त्येंचा जीव व्हता," धाकटा म्हणाला. "मला वाटतं माझं कलम जळलं आसंल. मंग मला दुसरं, कोयीचंच रोप दिलं आन सांगितलं कलम हाय म्हणून. बघा की. एका झाडाची दोन कलमं, आन फळात येवढा फरक पडंल व्हय?"

मग त्याने विचारलं, "तुमचं मशीन सांगतंय म्हनं, कोन कुनाचं हाय ते?"

"हो," मी म्हणाले.

मी चोवीस वर्षांची होते. माझ्या कामाबद्दल आत्तापर्यंत कोणी मला असं काही विचारलंच नव्हतं. गावोगाव लोक विचारायचे, पानं नेऊन करता काय, औषध करता का. या माणसाला माझ्या पट्ट्यांतून उत्तर हवं होतं. परतीच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून मी मनाशी हे दोन नमुने सगळ्यात वर लिहून ठेवले.

डीएनएसाठी कोवळी पानं लागतात. जून पान वाटलं की त्याचा चिकट, तपकिरी गोळा होतो आणि त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून दिवाळीनंतर पुन्हा गेले. थोरल्याच्या झाडाला तांबूस पालवी फुटली होती, त्याच्या मुलीने शिडीवरून काढून दिली. धाकट्याच्या झाडाचा शेंडा मात्र सगळा जून, गर्द हिरवा. एक वाजत आला होता, दोनची एसटी चुकली तर दुसरी कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि थर्मासमधला बर्फ वितळत चालला होता. मी झाडाभोवती फिरले. खोडाच्या बुडाशी एक हातभर लांबीचा फुटवा होता, त्याच्यावर सात-आठ तांबूस, लुसलुशीत पानं. वाकून खुडली, पुडीत घातली, पुडीवर नंबर टाकला आणि पळत सुटले.

हिवाळाभर मी त्या नमुन्यांशी झुंजले. आंब्याचा डीएनए साफ काढणं हेच महिनाभराचं काम. त्यात भारनियमन. महागडं एन्झाइम बर्फावर ठेवून नळ्या भरायला घ्यायच्या, मशीन सुरू करायचं आणि अर्ध्या वाटेत सगळी इमारत गप्प. जनरेटर लागेपर्यंत मशीनमधलं तापमान बिघडलेलं असायचं आणि तो अख्खा दिवस वाया. आमची ती पद्धत लहरीही होती. आज आलेला पट्टा उद्या गायब व्हायचा. म्हणून मॅडमचा दंडक होता: तीनदा तेच आलं तरच वहीत लिहायचं.

या दोन नमुन्यांचं तीनदा तेच आलं. थोरल्याचं झाड आणि धाकट्याचं झाड वेगळी होती. एखाददुसरा पट्टा नव्हे, जवळजवळ प्रत्येक वेळी मांडणीच निराळी. फोटो मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. इतकं स्वच्छ काम त्याआधी मला साधलं नव्हतं.

मॅडमनी फोटो भिंगाखाली बघितले. "पानं कुठून घेतलीस?"

"झाडावरून," मी म्हणाले. प्रश्न मला विचित्र वाटला होता.

"बरं. पण एवढ्यात तिकडे कुणाला काही बोलू नकोस. सगळ्या झाडांचं होऊ दे, मग बघू."

मी मान हलवली आणि फेब्रुवारीत डिंभ्याला गेले तेव्हा बोलले. कबूल करायला आजही जड जातं. कामासाठीच गेले होते, पलीकडच्या वाडीतला एक नमुना राहिला होता, पण पाय या वाडीकडे वळले. धाकटा पाण्याच्या कडेला जाळं सुकवत होता. त्याने विचारलं नाही, नुसता बघत राहिला. मी म्हणाले, "भाऊ, दोन्ही झाडं एक नाहीत."

वास्तविक एवढंच मला माहीत होतं, दोन नमुने एक नाहीत. मूळ झाड पाण्याखाली होतं, त्याच्याशी ताडून बघायला काहीच नव्हतं. खरं कोणाचं, खोटं कोणाचं, हे माझे पट्टे सांगत नव्हते. पण थोरल्याच्या आंब्याची चव सगळ्या वाडीच्या तोंडात होती, त्यामुळे उरलेलं वाक्य त्याने मनातल्या मनात पुरं केलं. आणि मी ते करू दिलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता जीव अडकत न्हाई. नव्या घराच्या चौकटीला लाकूड लागतंयच. शिमगा झाला की पैल्या बुधवारी सुताराला बोलवतो."

"तोडायलाच हवं का?"

"तुमीच सांगितलं न्हवं? बापानं फशिवलं ते रोज उठून बघत बसू?"

वहिनी दारात उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. मला तेव्हा जरा टोचलं, पण मी स्वतःला समजावलं की खरं ते खरं. विज्ञान काही कोणाचं मन बघत नाही, असलं काहीतरी मी परतीच्या वाटेवर पुटपुटत होते.

शिमगा होऊन गेला. त्यानंतरच्या बुधवारी मी जुन्नरजवळ एका रोपवाटिकेत होते. मालक साठीचे, सगळी हयात कलमं बांधण्यात गेलेली. त्यांच्याकडे रायवळची दोन जुनी झाडं होती, त्यांची पानं घ्यायची होती. ते माझ्याबरोबर कलमांच्या ओळीतून चालत होते आणि चालता चालता वाकून पिशव्यांमधल्या रोपांच्या बुडाशी फुटलेले कोवळे कोंब अंगठ्याने मोडून टाकत होते. तांबूस, लुसलुशीत.

मी म्हणाले, "अहो, इतकी छान पालवी कशाला मोडता?"

ते हसले. "बाई, तुमी शिकलेल्या आन तुमाला ठावं न्हाई? ह्यो सांध्याच्या खालचा फुटवा. ह्यो खुंटाचा, आपल्या झाडाचा न्हाई. ठिवला तर सगळं बळ ह्योच खातो."

मी तिथेच उभी राहिले.

खुंट. म्हणजे डब्यात उगवलेलं कोयीचं रोप. त्याच्यावर खोबऱ्याचा फाटा बांधलेला. सांध्याच्या वर खोबऱ्या, सांध्याच्या खाली कोणतंतरी अनोळखी कोयीचं झाड. आणि मी पानं खुडली होती बुडाशी वाकून. मी पिशवीतून वही काढली. नोव्हेंबरचं पान. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कोवळी पाने खोडाच्या बुडाशी, हाताला येतील अशी. मॅडमनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा कळला. पट्टे चुकले नव्हते, तीनदा तेच आलं होतं ते बरोबरच होतं, पण मी चुकीच्या झाडाला प्रश्न विचारला होता.

"आज वार कोणता?" मला माहीत होतं तरी मी विचारलं.

"बुधवार."

दहा वाजायला आले होते. त्यांच्या घरात फोन होता. धरणाच्या कॉलनीजवळच्या दुकानाचा एसटीडी नंबर माझ्या वहीत होता. पाच-सहा वेळा फिरवल्यावर लागला. दुकानदार ओरडून बोलत होता, मीही ओरडत होते. "त्यांना सांगा झाड तोडू नका! मी येतेय!"

"कोनाला सांगू? वरच्या वाडीत? बाई, दुकानात मी एकलाच हाय. कोन तिकडं जाताना दिसला तर धाडतो निरोप." आणि फोन तुटला. पुन्हा लागलाच नाही.

मालकांनी काही न विचारता मोटरसायकल काढली आणि मला जुन्नरच्या स्टँडवर सोडलं. घोडेगावची गाडी उभी होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला. मी पुढच्या सीटच्या कडेवर बसून राहिले. मागे बसलेल्या बाईने विचारलं, "कोनी आजारी हाय का, पोरी?" मी हो म्हणाले.

गाडी सुटली ती थांबत थांबत. प्रत्येक फाट्याला कोणीतरी हात करायचं, कंडक्टर घंटी मारायचा, पोती चढायची. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, सुताराने करवत लावली आहे. मग मनात हिशेब सुरू व्हायचा, की आधी फांद्या उतरवतील, मग खोडाला हात घालतील, पंधरा वर्षांचं झाड फार जाड नाही, किती वेळ लागेल? दोन तास? घोडेगावला उतरले तेव्हा डिंभ्याची एसटी निघून गेली होती. एक जीप भरत होती. ड्रायव्हर म्हणाला अजून चार शिटा झाल्या की निघू. मी म्हणाले, "दादा, चारी शिटांचे मी देते, पण आत्ता चला." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चावी फिरवली.

फाट्यापासून वाडीपर्यंत चढ होता. ऊन टाळूवर आलेलं. मी सँडल हातात घेऊन पळत होते, मधेच दम लागून कमरेवर हात ठेवून उभी राहत होते आणि कान देत होते. लाकडावर कुऱ्हाड पडल्याचा आवाज येतो का. काहीच ऐकू येत नव्हतं. ते ऐकू न येणं जास्त भीतीचं होतं, कारण काम संपलेलंही असू शकत होतं.

बांधावरून वळले आणि झाड दिसलं. उभं होतं. पण अर्धंच. पाण्याकडच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्या तोडून खाली टाकल्या होत्या, त्यांच्या टोकाला बारीक कैऱ्या लटकत होत्या. खोडावर जिथून फांद्या निघाल्या होत्या तिथे दोन ओल्या, पिवळसर जखमा. सुतार बिडी ओढत लांब बसला होता. धाकटा कमरेवर हात ठेवून उभा. आणि खोडाला पाठ टेकून, पाय पसरून, थोरला बसला होता. त्याच्या टोपीवर लाकडाचा भुसा पडला होता.

वहिनी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सकाळी दोन डाहाळ्या पडल्यावर आवाज आयकून आले. तवापास्नं बसलेत. म्हनत्यात, मला तोडा आन मंग झाड तोडा."

"मामा," मी थोरल्याला म्हणाले.

"तू बोलू नगंस," तो म्हणाला. आत्तापर्यंत तो मला अहो-जाहो करायचा. "तुज्या मशीनीला काय कळतंय? कोयीचं असंल न्हाईतर कशाचं बी असंल. आमच्या बापानं हातानं आणून लावलंय हितं. मी चेष्टा क्येली असंल, धा येळा क्येली असंल. म्हणून काय तोडायचं?"

धाकटा म्हणाला, "माजं झाड हाय. तू ऊठ."

"न्हाई उठत."

वहिनीने तांब्या पुढे केला. पाणी पिऊन मी धाकट्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुठून पानं घेतली, का घेतली, जुन्नरला काय ऐकलं. बुडाशी जाऊन तो फुटवा दाखवला. आता चांगला कमरेएवढा वाढला होता. त्याच्या वर, खोडावर वीतभर अंतरावर साल बदलत होती, एक आडवी, फुगीर वळी होती. सुतार उठून आला, त्याने त्या वळीवर हात फिरवला. "सांधा हाय की," तो म्हणाला. "कलमच हाय ह्ये. कोयीच्या झाडाला सांधा कसा असंल?"

इतकी वर्षं कोणी वाकून बघितलं नव्हतं. मीही नाही.

धाकट्याचा चेहरा मला वाचता येईना. तो म्हणाला, "म्हंजी ह्ये खोबऱ्याच?"

इथे मी हो म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिघंही त्याच शब्दाची वाट बघत होते. पण एकदा मी माहीत असल्यापेक्षा जास्त बोलले होते आणि त्याचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते.

"कलम आहे एवढं दिसतंय," मी म्हणाले. "कोणत्या झाडाचं, ते मला माहीत नाही. पानं पुन्हा नेते, सांध्याच्या वरची. महिना लागेल. दीड महिनाही लागेल."

"तवा छातीवर हात मारून सांगितलं व्हतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मी बापाला शिव्या दिल्या दोन महिने. जेवताना, झोपताना. त्या कशा परत घिऊ, सांगा."

मला रडू आलं. तो तोंड फिरवून पाण्याकडे निघून गेला. थोरला तरीही उठला नाही. सुतार हत्यारं गोळा करून गेला तेव्हा मग तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि वहिनीला म्हणाला, "शेण हाय का ताजं?" दोघांनी शेण आणि लाल माती कालवली आणि थोरल्याने ती त्या दोन्ही जखमांवर लिंपली. मी पडलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवरची कोवळी पानं खुडली. बर्फ नव्हता. वहिनीने ओल्या फडक्यात गुंडाळून दिली.

पुण्याला जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नमुना म्हणजे नुसतं पान नसतं. त्या पानाचा पत्तापण असतो. लिही हे प्रबंधात. चूक कशी झाली तेही लिही." मला वाटलं होतं त्या लपवायला सांगतील. आतून कुठेतरी तशी आशाही होती.

पुढचे पाच आठवडे मला नीट जेवण गेलं नाही. नमुने माझे मीच लावले तर मन हवं तेच बघेल, म्हणून मॅडमनी नळ्यांवर स्वतः नंबर टाकले. कोणती नळी कोणाची, ते मला माहीत नव्हतं. थोरल्याचं झाड, धाकट्याच्या झाडाचा वरचा भाग, तोच बुडाचा फुटवा, आणि आणखी काही परके रायवळ. एकदा वीज गेली. एकदा जेलच फाटला. शेवटी फोटो आले. मी पट्टे मोजले, ताडले, दोन नंबर गोल केले आणि कागद मॅडमकडे दिला. त्यांनी टेबलाचा खण उघडून यादी काढली, माझ्या कागदाशेजारी ठेवली आणि नुसतं बोट ठेवलं.

थोरल्याचं झाड आणि धाकट्याच्या झाडाचा वरचा भाग, प्रत्येक चाचणीत, प्रत्येक वेळी एकच. बुडाचा फुटवा तेवढा परका.

मी दुसऱ्या दिवशीच डिंभ्याला गेले. पहिल्यांदा थोरल्याकडे जाऊन त्याला खाली यायला सांगितलं. तो आला, पण अंगणाच्या कडेला उभा राहिला. मी फोटो दाखवले. जेवढं नक्की होतं तेवढंच सांगितलं: ही दोन्ही कलमं एकाच झाडाची आहेत. ते झाड आता आपल्याला दाखवता येणार नाही, पण दोघांना मिळालं ते सारखंच मिळालं.

धाकट्याने फोटो उन्हात धरला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं, एकेक. "मंग आंबा असा का?"

"खुंट वेगवेगळे आहेत. दोन डबे, दोन कोयी. आणि जमीन. वर ओढ्याची काळी माती आहे. इथे वीतभर खाली मुरूम."

त्याने फोटो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "ही जागा मीच मागितली व्हती. बाबा म्हणत व्हते वर घे. मी म्हनलं न्हाई, मला पान्याजवळ पायजे." एवढं बोलून तो घरात गेला. थोरला तसाच उभा होता. वहिनीने त्याला बसायला घोंगडी टाकली. पंधरा वर्षांनी तो त्या अंगणात चहा प्यायला, हे मला वहिनीने नंतर सांगितलं. मला तेव्हा तो साधा चहाच वाटला होता.

धाकट्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी निघताना त्याने फाट्यापर्यंत सोबत केली आणि जीप आल्यावर म्हणाला, "पुन्हा कुनाला सांगायच्या आधी वाकून बघत जावा." मी हो म्हणाले.

त्याच मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. पलीकडच्या वाडीतल्या शेवटच्या नमुन्यासाठी गेले, तेव्हा वरून मला दोघं भाऊ दिसले. उघड्या पडलेल्या जुन्या शेतांमधला गाळ पाट्यांत भरून ते वर आणत होते आणि खोबऱ्याच्या बुडाशी पसरत होते. थोरला खाली उतरताना सावकाश, धाकटा भराभर. दोघांत बोलणं काही चाललेलं दिसलं नाही. मी हाक मारली नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं आणि विचारलं, "ही चूक तुम्ही इतकी सविस्तर का लिहिली आहे?" मी त्यांना झाडाचं सांगितलं, फांद्यांचं सांगितलं नाही. मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळं सांग." मग सांगितलं.

त्या झाडाला पुढची दोन वर्षं मोहोर आला नाही. तिसऱ्या वर्षी आला. तोवर मी दुसरीकडे नोकरीला लागले होते. सुट्टीत अवसरीला आले होते, तेव्हा वडिलांना घेऊन डिंभ्याला गेले. वहिनीने सूप पुढे ठेवलं. आंबे पूर्वीपेक्षा थोडे मोठे होते. वडिलांनी एक चोखला, मिश्या पुसल्या आणि म्हणाले, "लई गोड हाय, पर दोरं हायती."

धाकटा म्हणाला, "हायती. खुंटाचा गुण हाय त्यो, पावणं."